सायकली लोकांनी बुडवल्या नाहीत

पुण्यात शेअरिंग सायकलींचा, म्हणजे अ‍ॅपवरून थोड्या वेळासाठी भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा विषय काढला की समोरून एक वाक्य हमखास येतं: ‘आपल्या लोकांची लायकीच नाही.’ मग सुरू होतात नदीपात्रात फेकलेल्या, सीट पळवलेल्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये साखळी घालून ठेवलेल्या सायकलींच्या गोष्टी. असले प्रकार झाले, मी नाकारत नाही. पण योजना त्यामुळे बंद पडली हे मला अजिबात पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

पॅरिसमध्ये २००७ च्या जुलैत ‘व्हेलिब’ ही अशीच सायकल योजना सुरू झाली. पहिल्या दोन-तीन वर्षांतच हजारो सायकली चोरीला गेल्या, हजारोंची मोडतोड झाली, काही तर सीन नदीत सापडल्या. तरी कुणी पॅरिसकरांना नालायक ठरवून योजना गुंडाळली नाही. नव्या सायकली आल्या, दुरुस्तीला माणसं राहिली. २०१८ मध्ये ठेकेदार बदलला तेव्हा कित्येक महिने नुसता गोंधळ होता, पण तेही निभावून नेलं. चढावरच्या स्टँडला सायकल नेऊन लावली तर जादा मिनिटं बक्षीस द्यायची, हीसुद्धा तिथलीच शक्कल, कारण उताराने सगळेच खुशीत येतात आणि वरचे स्टँड रिकामे पडतात. आणि बिघडलेल्या सायकलीची सीट उलटी फिरवून ठेवायची, म्हणजे पुढचा माणूस फसत नाही, हा रिवाज तर वापरणाऱ्यांनीच पाडला. योजना टिकली की लोक ती आपली मानायला लागतात, ते असं.

आता आपल्याकडे. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठ आणि औंध इथे सायकली आल्या. त्याच महिन्यात महापालिकेने ८०० किलोमीटरहून जास्त सायकल मार्गांचा आराखडाही मंजूर केला. तेव्हा मी विद्यापीठात शिकत होते. चारशेहून जास्त एकरांचा तो परिसर, मेन गेटवर बसमधून उतरून डिपार्टमेंटला चालत पोचेपर्यंत पहिलं लेक्चर अर्धं झालेलं असायचं. सायकली आल्या आणि तो प्रश्नच मिटला. सकाळी रांगेतली प्रत्येक सायकल आम्ही अंगठ्याने टायर दाबून बघायचो, ब्रेक दाबायचो, सीट वर-खाली करायचो, मगच क्यूआर कोड स्कॅन. ज्यांना गाडी परवडत नव्हती, ज्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, गावाकडून आलेल्या ज्या मुलींनी शाळेनंतर सायकलला हातही लावला नव्हता, त्या सगळ्या चालवायला लागल्या. मागणी नव्हती असं मला कुणी सांगू नये.

हळूहळू रांगेत हवा नसलेल्या सायकलींची संख्या वाढत गेली आणि नीट करायला कुणी येईना. मग सायकलीच गेल्या. अ‍ॅपवाल्या कंपन्यांचा हिशेब वेगळा होता. गुंतवणूकदारांचा पैसा येतोय तोवर रुपया-दोन रुपयांत अर्धा तास द्यायचा, शहरभर सायकली पसरायच्या, पैसा आटला की मुक्काम हलवायचा. ओफो ही चिनी कंपनी तर २०१८ मध्येच भारतातून निघून गेली. महापालिकेने जागा दिली, उद्घाटनं झाली, पण सायकली कुणी गोळा करायच्या, संध्याकाळी रिकाम्या स्टँडवर कुणी पोचवायच्या, पंक्चर कोण काढणार, याचा खर्च आपला आहे असं कधी मानलंच नाही. पीएमपीची, म्हणजे शहर बससेवेची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका भरून देतात. बस तोट्यात आहे म्हणून बंद करा असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. मग सायकलीनेच स्वतःच्या कमाईवर का जगायचं?

आणखी एक गोष्ट मला तेव्हापासून सलते. औंधमध्ये घरकामाला येणाऱ्या कितीतरी बायका एका सोसायटीतून दुसरीत भर उन्हात तरातरा चालत जातात. सायकलचा खरा उपयोग त्यांनाच झाला असता. पण स्मार्टफोन हवा, त्यात डेटा हवा, वॉलेटमध्ये पैसे हवेत. त्या बायका सायकलींजवळून रोज चालतच जायच्या. म्हैसूरला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, ‘ट्रिन ट्रिन’ सुरू झाली. सुमारे साडेचारशे सायकली, ठरलेली स्टँड, आणि कुलूप उघडायला साधं कार्ड. कार्ड कुणाच्याही हातात देता येतं. हे आपल्याला का सुचू नये?

आता मेट्रो धावतेय. वनाज, गरवारे कॉलेज, सिव्हिल कोर्ट, कुठल्याही स्टेशनवर उतरा, शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची नाहीतर पाय तोडायचे. सायकलीला याहून चांगली जागा कुठली? एका कारच्या पार्किंगमध्ये आठ-दहा सायकली सहज मावतात. प्रत्येक स्टेशनखाली तेवढी जागा, मेट्रोच्याच कार्डावर उघडणारं कुलूप, रोज हवा-ब्रेक बघणारा पगारी मिस्त्री, आणि ठेकेदाराला पैसे सायकलींच्या आकड्यावर न देता चालू स्थितीत असलेल्या सायकलींवर द्यायचे, एवढं टेंडरमध्ये लिहून घ्या. सोबत जंगली महाराज रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकवर लागणाऱ्या दुचाकी उचला. बजेटमध्ये यासाठी स्वतंत्र तरतूद दिसेपर्यंत मी माझ्या नगरसेवकांना पत्रं लिहिणार आहे. पत्राचा मसुदा हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवते. आपापल्या प्रभागाचं आणि जवळच्या स्टेशनचं नाव तेवढं बदलून घ्या.