अर्धा ग्रेन वाढवण्याआधी

नमस्कार ‘जुना नेमबाज’,

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तर लगेच दिलं असतं तर तिखट झालं असतं, म्हणून आज लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचं. घरी भरलेल्या काडतुसांतून न जळलेली पावडर का पडते, यावर मी मागे लिहिलं होतं. (भर म्हणजे काडतुसातल्या पावडरचं वजन, ते ग्रेनमध्ये मोजतात.) तुमचं म्हणणं असं, की “पावडर जळत नाही म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे भर कमी. अर्धा ग्रेन वाढवा, विषय संपला. त्यासाठी एवढं पाल्हाळ कशाला?” दुसरं, आखूड नळीबद्दल मी लिहिलेलं चूक आहे. आणि तिसरं, असल्या गोष्टी मराठीत लिहून मी पोरांच्या हाती नसते उद्योग देतोय.

दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. “दोन इंची नळीत पावडरला जळायला वेळच मिळत नाही” हे वाक्य मी ऐकीव माहितीवर ठोकून दिलं होतं. गोळी जेमतेम पुढे सरकलेली असते तेव्हाच दाब टिपेला पोहोचतो, आणि जी पावडर तोवर पेटली नाही ती पुढे नळी लांब मिळाली म्हणून पेटेलच असं नाही. सहा इंची नळीत जी पावडर सगळ्यात जास्त वेग देते, तीच बहुतेकदा दोन इंचीतही देते. आखूड नळीत तोंडाशी जाळ मोठा दिसतो, तो प्रकार वेगळा. मूळ लेखातलं ते वाक्य खोडतोय.

पण पहिला मुद्दा मी सोडणार नाही. “दाब कमी” इथवर आपलं एकमत आहे. “म्हणजे भर कमी” ही तुमची उडी मला मान्य नाही.

लहानपणी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वाड्यात फुसके फटाके गोळा करायचो. सोलायचे, आतली दारू वर्तमानपत्रावर ओतायची आणि काडी लावायची. नुसतं फुर्रर्र. तीच दारू सुतळी गच्च आवळून बांधली की खिडक्या हादरवते. बंदुकीच्या पावडरचा मसाला वेगळा, पण आवळण्याचा हिशोब इथेही लागू आहे. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये ज्या पॉल व्हिएय यांनी बिनधुराची पावडर काढली, त्यांच्याच नावाने हा नियम ओळखला जातो: दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. म्हणजे आधी थोडा दाब तयार व्हायला हवा, मग पावडर जोरात जळते आणि तिच्या जळण्यातून पुढचा दाब येतो. हा सुरुवातीचा दाब टिकवायला पुंगळीने (काडतुसाच्या पितळी कवचाने) गोळी क्षणभर घट्ट धरून ठेवावी लागते. पकड सैल असेल तर प्राइमरच्या (पुंगळीच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या) धक्क्यानेच गोळी पुढे सटकते, मागची जागा वाढते, दाब पडतो आणि पावडर अर्धकच्ची राहते. फुसका बार.

त्यात .३८ स्पेशल मुळातच अडचणीचं काडतूस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या मापाने बेतलेली लांब पुंगळी, आणि आपण तिच्या तळाशी आजची चिमूटभर पावडर टाकतो. वर अर्धी पुंगळी रिकामी. अमेरिकेतल्या ‘सामी’ या मानक संस्थेने तिच्यासाठी दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवली आहे. नऊ एमएम लुगर या पिस्तुलाच्या काडतुसाला ३५,००० मिळतात. जी पावडर नऊ एमएममध्ये स्वच्छ जळते तीच इथे दाणे टाकते, याचं नवल वाटायला नको.

आता माझ्या बाबतीत झालं काय ते. मी शिशाच्या गोळ्या सोडून जॅकेटवाल्या, म्हणजे वरून धातूचं आवरण असलेल्या, घेतल्या. शिशाची ०.३५८ इंच, जॅकेटवाली ०.३५७. फरक केसाएवढा, पण पुंगळीचं तोंड फुलवणारा एक्सपांडर मी तोच ठेवला, शिशाच्या मापाचा. पहिल्याच दिवशी मनगटावर दाणे टोचायला लागले. पुंगळ्यांच्या बाहेर काजळी, म्हणजे पुंगळी फुगून चेंबरला (काडतूस बसतं त्या खोबणीला) नीट चिकटतच नव्हती. चौथ्या वेळी भरताना सिलिंडर बंद होईना. पाहिलं तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या, चांदणीखाली दोन पिवळसर चकत्या अडकलेल्या. (रिव्हॉल्व्हरवाल्यांनो, पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आकाशाकडे धरा आणि दांडा एका झटक्यात दाबा, दाणे जमिनीवर पडतात, चांदणीखाली जात नाहीत.)

त्या चकत्या काजळी आहेत की पावडर, हे आधी ठरवलं. अंगणात, पावडरच्या डब्यापासून लांब, लोखंडी पत्र्यावर चारच दाणे चिमट्याने ठेवले आणि लांब काडी लावली. पिवळी ज्योत, क्षणात खलास. काजळी अशी पेटत नाही.

मग न वापरलेलं एक काडतूस घेतलं, कॅलिपरने लांबी मोजली, गोळीचं नाक बाकाच्या लाकडी कडेला टेकवून अंगठ्याने दाबलं आणि परत मोजलं. गोळी आत सरकली होती! नुसत्या अंगठ्याने. एक्सपांडरने तोंड जास्त फुलवलं होतं, पकड सैल. अशा पुंगळीत मी तुमचा अर्धा ग्रेन घातला असता तर? कदाचित दाणे कमीही झाले असते. आणि डब्यातल्या ज्या पाच-सात पुंगळ्यांची पकड नशिबाने घट्ट होती, त्यांत तोच वाढीव भर पूर्ण दाबाने जळला असता. .३८ स्पेशलचा एकूण भरच चार-पाच ग्रेनच्या आसपास असतो; अर्धा ग्रेन म्हणजे थेट दहा-बारा टक्के. स्वयंपाकात हे चिमूटभर मीठ वाटेल, इथे नाही. (एका वाचकाने विचारलं होतं, “पाच ग्रेन म्हणजे पाच दाणे का?” नाही हो. ग्रेन हे वजन आहे, ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड.)

एक्सपांडर बदलला, गोळीवरच्या खाचेत रोल क्रिंप (पुंगळीचं तोंड आत वळवून गोळी धरणं) नीट बसवला, भर तोच ठेवला. दाणे जवळपास बंद झाले आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेगातला चढउतारही आटोक्यात आला. नऊ एमएमवाल्यांनी मात्र माझं बघून रोल क्रिंप करू नये. ती पुंगळी चेंबरमध्ये तोंडावर टेकते, तिथे तोंड आत न वळवता नुसतं आवळणारा हलका टेपर क्रिंपच हवा आणि पकड डायमधूनच (पुंगळीला माप देणाऱ्या साच्यातूनच) यायला हवी.

पकड चांगली असूनही दाणे पडत असतील तर प्राइमर बघा. तो पूर्ण बसलेला नसेल तर हातोडीचा निम्मा जोर त्याला बसवण्यातच जातो. ट्रिगर हलका करायला मुख्य स्प्रिंग नरम केली असेल तरी तेच. एका जानेवारीत मी तळघरात पुंगळ्या ओल्या धुतल्या आणि पुरत्या न वाळवताच भरल्या. आत पिवळ्या गाठी निघाल्या. त्यावर जास्त लिहीत नाही, लाज वाटते.

एवढं सगळं तपासून झाल्यावर भराकडे या. तेही पावडर कंपनीच्या चालू तक्त्यात, त्याच गोळीसाठी दिलेल्या मर्यादेच्या आत, आणि अर्धा नव्हे, दशांश ग्रेनच्या पायरीने. मी इथे कोणत्याही पावडरचा भर देत नाही तो याचसाठी.

तुमच्या बाजूने एक उदाहरण मीच देतो. एच-११० (विंचेस्टर २९६ म्हणजे तीच पावडर) मॅग्नम काडतुसांत वापरताना भर कमी करणंच घातक असतं. ती विकणारी हॉजडन कंपनी स्वतः सांगते, की तक्त्यातल्या भरापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. ती संथ, गोल दाण्यांची पावडर. तिला भरलेली पुंगळी, घट्ट क्रिंप आणि दमदार प्राइमर लागतो. हलकी भरलीत तर गोळी नळीतच अडकण्याची भीती. “ठो”ऐवजी “फट्” असा आवाज आला आणि बाहेर पिवळा भुसा पडला की तिथेच थांबायचं, पुढची गोळी झाडायची नाही; रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं आणि नळी तपासायची. पण “तक्त्याखाली जाऊ नका” आणि “अर्धा ग्रेन वाढवा” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता मराठीचं. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली बंद आहे, आणि हे माझ्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. मी लिहितो ते ओहायोत बसून, इथे हा छंद कायदेशीर आहे म्हणून आणि रेंजवर भेटणारी आपली माणसं मराठीतच विचारतात म्हणून. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे तू तिकडे जाऊन लवंगी फटाके वळतोस?” त्यांना मी जेवढं समजावू शकलो, तेवढंच तर इथे लिहितो.

तुम्ही तीस वर्षं भरताय, माझी जेमतेम नऊ झाली. तेव्हा एक विनंती. तुमच्या त्या “अर्धा ग्रेन वाढवून बरा झालेल्या” भरातली दहा काडतुसं घ्या, अंगठ्याची परीक्षा करा आणि कॅलिपरचे आधीचे-नंतरचे आकडे इथे खाली टाका. एक्सपांडर कुठल्या मापाचा आहे तेही लिहा. दहाही जागची हलली नाहीत, तर मूळ लेखाच्या वर तुमची प्रतिक्रिया मी ठळक अक्षरांत लावतो.