दीड हजाराचा एसएमपीएस आणि माझा अभ्यास

‘ऑफिसच्या जुन्या डब्यात कोणतं ग्राफिक्स कार्ड चालेल’ या माझ्या लेखाखाली ‘एक वाचक’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 240 किंवा 290 वॅटच्या एसएमपीएसवर (म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या खोक्यावर) कार्ड बसवायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, कार्डाची कंपनी स्वतः 300 वॅट मागते, जुना एसएमपीएस थकलेला असतो, आरएक्स 6400 हे कार्ड जुन्या मदरबोर्डावर मार खातं, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंगचं काम करणारा भाग) नाही हे मी ‘लपवलं’. मग हे वाक्य: ‘दीड हजाराचा 500 वॅटचा एसएमपीएस टाकला की विषय संपतो, मग हवं ते कार्ड लावा.’ आणि शेवटी, ‘अभ्यास करून लिहावे ही नम्र विनंती.’

विनंती नम्र आहे हे तुम्ही लिहून ठेवलंत ते बरं झालं, नाहीतर कळलं नसतं.

आधी ‘लपवलं’बद्दल. राहिलं म्हणा, सुटलं म्हणा, मी ऐकून घेईन. लपवायला मला कोण पैसे देतं? या ब्लॉगवर जाहिरात नाही, कुठल्या दुकानाची लिंक नाही. एन्कोडरचा मुद्दा बरोबर आहे: 6400 मध्ये तो नाही, आणि ती ओळ मी आता लेखात घातली आहे. पण लेख होता बारावीनंतर पुण्यात आलेल्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि रात्री दोन तास गेम खेळू पाहणाऱ्या पोरांसाठी. त्यांना व्हिडिओ रेकॉर्ड करून चॅनेल चालवायचं नव्हतं. असो. दिलं तुम्हाला.

आता ते दीड हजाराचं वाक्य. ते वाचून मी चहा थंड केला.

हिंजवडी, खराडीच्या ऑफिसांतून निघालेली मशीनं बाजारात येतात ती कोणती? डेल ऑप्टिप्लेक्स 9020, एचपी एलिटडेस्क 800 जी1, अशी. यातल्या 9020 च्या बोर्डावर वीज घ्यायचा नेहमीचा 24 पिनांचा कनेक्टर नाहीच, तिथे 8 पिनांचा आहे. छोट्या डब्यात तर एसएमपीएसचा आकारच वेगळा. तुमचा 500 वॅटचा ठोकळा आत जाणारच नाही, टेबलावर बाहेर ठेवून वायरी आत सोडाव्या लागतील. टॉवर मॉडेलसाठी अडॅप्टर मिळतो, हे मलाही माहीत आहे, लगेच लिहायला बसू नका. पण एक वायर बदलून सगळ्या बोर्डाची वीज जिच्यातून जाणार, ती वायर ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मिळते म्हणून मागवायची, हा सल्ला मी कोणाच्या पोराला देणार नाही.

बरं, बसला म्हणू. दीड हजाराच्या एसएमपीएसवर 500 लिहिलेलं असतं, ते कशाचं? एसएमपीएस 12, 5 आणि 3.3 व्होल्टवर वेगवेगळी वीज देतो, आणि कार्ड आणि प्रोसेसर दोघंही खातात ते 12 व्होल्टवरून. लेबलवर 12 व्होल्टपुढे समजा 16 अँपिअर असतील, तर गुणाकार करा: 192 वॅट. उरलेले वॅट 3.3 आणि 5 व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते, आणि आजच्या मशीनला त्यांचं फारसं काम नाही. उलट 9020 च्या त्या मूळ 290 वॅटच्या एसएमपीएसमधून जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरच येते. तुम्ही ज्याला कमी म्हणता तो जास्त देतो, इतकं साधं आहे हे.

अभ्यासाचं विचारलंत म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. कॉलेजात असताना मी संध्याकाळी बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या तोंडाशी एका रिपेअरच्या दुकानात बसायचो. गुरुवारी दुपारी वीज जायची, यायची, आणि शुक्रवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर बंद पडलेले डबे घेऊन लोक उभे. मालक एसएमपीएस उघडायच्या आधी नुसता हातात तोलायचे. हलका लागला की गिऱ्हाइकाला म्हणायचे, ‘बसा, चहा घ्या.’ म्हणजे बातमी वाईट. असले स्वस्त एसएमपीएस एकटे मरत नाहीत, बोर्डाला घेऊन जातात. एका काकांचा असाच गेला, बोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही, आणि डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो. त्यांना समजावून सांगायला मालकांनी मला पुढे केलं होतं. तुम्ही तेव्हा कुठे होतात, कल्पना नाही.

आणि ‘हवं ते कार्ड लावा’ म्हणजे नेमकं कोणतं? आरटीएक्स 4060 घेऊ. 115 वॅटचं कार्ड, पण ते बनवणारी एनव्हिडिया त्यासाठी 550 वॅटचा एसएमपीएस सांगते. तुमचा 500 चा. म्हणजे कंपनीचा आकडा मला लावायचा आणि स्वतःची वेळ आली की सोडून द्यायचा? शिवाय त्या कार्डांना सहसा 8 पिनांची वेगळी वायर लागते, आणि स्वस्त एसएमपीएसला ती बहुतेक वेळा नसतेच. मग लोक काय करतात, तर साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून 8 पिन काढणारा अडॅप्टर लावतात. साटाच्या कनेक्टरला 12 व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे 54 वॅट. 8 पिनांतून कार्ड 150 वॅटपर्यंत मागू शकतं. प्लास्टिक वितळल्याचा वास तुम्हाला माहीत नसेल तर अशी जोडणी करून बघा. माझ्या वाचकांना करायला सांगू नका.

म्हणून मी लिहिलं होतं की स्लॉटमधूनच, म्हणजे बोर्डावरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं तिथूनच, वीज घेणारं कार्ड घ्या. स्लॉटची मर्यादा 75 वॅट. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं कार्ड 70 वॅटमध्ये बसतं. दुकानात नुसतं ‘3050’ म्हणू नका, 8 जीबीवालं त्याच नावाचं कार्ड 130 वॅट खातं आणि त्याला वेगळी वायर लागते. जीटीएक्स 1650 घ्यायचं तर कार्डाची वरची कड बघा, बरीच मॉडेलं सहा पिनांची आहेत, म्हणजे त्यांनाही वेगळी वायर लागते. हे सगळं लेखात होतं. वाचलं असतं तर दिसलं असतं.

बाकीचे मुद्दे. 300 वॅट: कंपनीला तुमचा एसएमपीएस कसला आहे हे माहीत नसतं, म्हणून ती हात राखून सांगते. 84 वॅटचा आय5 4590 प्रोसेसर, 75 चं कार्ड, बाकी सगळ्याचे 40 धरा, 200 च्या आत. एसएमपीएस थकतो: थकतो, मग त्याच मॉडेलसाठीचा कंपनीचा मूळ एसएमपीएस शोधून बदला. 6400 ला बोर्डाशी बोलायला चारच लेन (मार्ग) आहेत आणि जुन्या, पीसीआय एक्सप्रेस 3.0 स्लॉटच्या बोर्डावर त्यांचा वेग निम्मा होतो: होतो, काही गेममध्ये जाणवतं, त्यावर इथे पाल्हाळ नको.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त सोबत तुमच्या त्या दीड हजारवाल्या एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाका, 12 व्होल्टची ओळ वाचता येईल असा.