एसटी स्टँडचं इंग्रजी शिकवून लेकरं गावातच राहतील का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगली ऐसपैस होती, तिला दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं म्हणून वेगळंच लिहायलोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाचवी ते सातवीच्या मराठी माध्यमाच्या लेकरांसाठी आम्ही काही शिक्षकांनी मिळून इंग्रजीची कार्डं केली, ती मागच्या लेखात टाकली होती. त्यावर लातूरच्या ह्या निवृत्त मुख्याध्यापक सरांचं म्हणणं असं की एसटी स्टँड, मोंढा, हुरडा असलं इंग्रजी शिकून पोरं गावाबाहेर पडायची नाहीत, कार्डावर मराठी सूचना कशाला, टेन्सचा तक्ता कुठंच दिसंना, आणि हे चांगलं आहे ह्याला पुरावा काय. शेवटचा प्रश्न सगळ्यात तगडा आहे, त्याच्यावर जास्त बोलतो.

आधी मराठी सूचनांचं. सर तुम्हीच लिहिलंय की तुमचं इंग्रजी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून पक्कं झालं. मग मराठीतून भाषांतर करत करतच शिकलात की हो! आमच्या कार्डावर तर मराठी फक्त एका ओळीपुरती आहे. 'जोडीदाराला विचारून रिकाम्या चौकटी भर' हे इंग्रजीत लिहायला गेलं की सूचनाच कामापेक्षा अवघड होऊन बसते आणि लेकरू तिथंच अडकतं. मात्र इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहायचा, गाइडमधे असतो तसा, हे आम्ही मुद्दाम टाळलंय, कारण एकदा तो लिहिला की नजर तिथंच जाते आणि वरचं स्पेलिंग कोणी बघतच नाही. आणि घरची भाषा मराठीच हे तरी कुठं धरता येतं आपल्याकडं? देगलूर-बिलोलीकडं कितीतरी घरात तेलुगू, उदगीर-उमरग्याकडं कन्नड, तांड्यावर गोरमाटी, शहराच्या जुन्या मोहल्ल्यात दखनी. म्हणून सूचनेशेजारी छोटं चित्रही आहे. ते रेघांचंच आहे, रंगीत नाही, कारण झेरॉक्समधे रंगीत चित्राचा नुसता काळा डाग होतो.

आता गावाचं. मला लंडनशी काही वाकडं नाही सर, लेकरांनी जावं की लंडनला, पण एकाच पानावर भाषाही नवी आणि वस्तूही नवी असली की अंदाज बांधायला हाताशी काही उरत नाही. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू ह्यांचा 2000 सालचा अभ्यास आहे, गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची तर त्यातले शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे पाहिजेत. हे तुम्ही घरबसल्या करून बघा. गुळगुळीत कागदाच्या कुठल्याही पुस्तकातला शंभर शब्दांचा उतारा घ्या, सहावीच्या लेकराला न येणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा, आणि रेघा मोजा. बरं हे सोप्या शब्दांचं खूळ काही आजचं नाही. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज 1920 च्या दशकात ढाक्याला बंगाली पोरांसाठी हेच करत होता, अनोळखी शब्द काढून टाकायचे आणि नवे शब्द उताऱ्यात विरळ पेरायचे.

टेन्सचा तक्ता नाही, बरोबर. आपल्याकडं 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे पाचवीत येणाऱ्या लेकराचं चार वर्षं इंग्रजी 'झालेलं' असतं. तक्ता त्याला कोणी ना कोणी पाठ करून घेतलेलाच असतो, म्हणायला लावा, धडाधड म्हणतं. पण बस कधी सुटते विचार म्हणलं की 'बस टाइम व्हॉट?' त्याला व्याकरण माहीत नाही असं नाही, त्या व्याकरणाची गरज पडलेली नाही कधी. आणि दहावी-बारावीच्या लातूर पॅटर्नचा मलाही आदर आहे, पण सराव परीक्षांचा मारा तिथं चालतो कारण पाया झालेला असतो.

तर पुरावा. पुस्तक चांगलं का वाईट हे आपल्याकडं कसं ठरतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. टेबलावर चार पुस्तकं, पानं चाळायची, कागद बघायचा, चित्रं बघायची, मागं उत्तरं आहेत का बघायचं, झालं. ह्या विषयात काम केलेले ब्रायन टॉमलिन्सन वगैरे मंडळी सांगतात की साहित्य तीनदा तपासावं, वापरायच्या आधी, वापरताना आणि वापरून झाल्यावर. आपण पहिल्यावरच थांबतो, आणि माझ्या मते ते सगळ्यात फसवं आहे.

वापरताना काय दिसतं सांगतो. बसचं कार्ड जोडीचं आहे, एकाकडं गावं आणि वेळा, दुसऱ्याकडं नुसती गावं, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, आणि वेळेच्या चौकटी रिकाम्या. वर्गात दिलं की पाच मिनिटात सगळ्यांच्या चौकटी भरलेल्या, वेळा एकदम बरोबर. बाहेरचा कोणी आला असता तर म्हणला असता वा! पण दोन पोरींच्या मागं जाऊन बसलं तर एक म्हणायली 'अगं दाखव की', दुसरीनं कार्ड फिरवलं, हिनं उतरवून घेतलं. काम शंभर टक्के, इंग्रजी शून्य. मग मधे दप्तर उभं केलं. आता बघता येईना, पण 'जिंतूरची किती वाजता?' असं मराठीत विचारायलेत. मग तिसरं लेकरू बसवलं, ते फक्त ऐकणार आणि 'व्हेन डज द जिंतूर बस लीव्ह?' असा पूर्ण प्रश्न आला तरच खूण करणार, खूण नाही तर वेळ नाही. तेव्हा कुठं ते 'डज' तोंडातून बाहेर पडलं, आणि गंमत म्हणजे तिसरं लेकरूच सगळ्यात कडक मास्तर निघालं. आज कार्डावर तिसऱ्याची जागा छापलेलीच आहे. हे पानं चाळून कोणाला कळलं असतं?

वापरून झाल्यावरचं जास्त किचकट. कार्डावरचंच परीक्षेत विचारलं तर मार्क येणारच, त्यानं काय सिद्ध होतं? एन. एस. प्रभू ह्यांचा बंगळूरचा प्रकल्प, 1979 ते 1984, तुम्ही ऐकला असेल. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे असली कामं देऊन इंग्रजी शिकवायचं, तेही दक्षिणेतल्या साध्यासुध्या शाळांमधे. 1985 साली बेरेटा आणि डेव्हिस ह्यांनी त्याची तपासणी मांडली तेव्हा व्याकरणाच्या परीक्षेत नेहमीच्या पद्धतीची पोरं पुढं आणि कामांच्या परीक्षेत प्रकल्पाची पोरं पुढं, ज्याला जे शिकवलं त्यात तो हुशार. म्हणून त्यांनी दोघांपैकी कोणाच्याच बाजूच्या नसलेल्या परीक्षाही घेतल्या होत्या, त्यातल्या काहीत प्रकल्पवाली पुढं होती, काहीत फरक नव्हता. आम्ही आमच्या कुवतीप्रमाणं एवढंच करतो की मधे काही दिवस जाऊ द्यायचे आणि मग न बघितलेलं कार्ड द्यायचं, बसच्या जागी दवाखाना किंवा आठवडी बाजार, प्रश्नाची घडण तीच, तयारी काही नाही. तिथं 'डज' आपोआप आलं तर कार्डानं काम केलं. नाही आलं तर तीच घडण पुढच्या कार्डात परत घालायची. असर म्हणजे गावोगाव जाऊन लेकरांना किती वाचता येतं ते तपासणारं सर्वेक्षण, त्याच्या इंग्रजीच्या चाचणीत बघा, इंग्रजी शब्द किंवा वाक्य वाचून दाखवलं की त्याचा अर्थही विचारतात, कारण नुसतं वाचणं आणि समजणं ह्यात लई अंतर असतं.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती पण बीडकडची असल्यामुळं तुम्हाला लगेच पटेल. धारूर, वडवणी, शिरूर कासारकडं दिवाळीच्या आगेमागे वर्गच्या वर्ग रिकामे होतात, आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला गेले की लेकरंही कारखान्याच्या पट्ट्यात, ती येणार मार्च-एप्रिलला. हंगामी वसतिगृहात काही थांबतात, सगळी नाही. आता धडा चौदा हा धडा तेरावर उभा असेल तर परत आलेल्या लेकरानं करायचं काय? म्हणून कार्डांना नंबरच नाहीत, कुठलंही कुठूनही उचला, आणि तेवढ्यासाठी मोजक्याच घडणी फिरून फिरून येतात. तुम्हाला जी 'पुनरुक्ती' वाटली ती हीच. पुस्तक म्हणून बघितलं तर कंटाळवाणं आहे, कबूल.

कार्डांचा एक संच तुम्हाला पाठवतो सर. नातू सहावीत आहे म्हणालात, त्याला आणि त्याच्या एखाद्या मित्राला बसवा, पण प्रश्न वाचून दाखवू नका आणि चूक दुरुस्त करू नका (अवघड आहे, आपल्या लोकांना राहवत नाही). ती दोघं काय बोलली ते जसंच्या तसं लिहून इथं टाका, मराठीत बोलली तर मराठीत.