दहाचे पाचशे : बिबट्यांच्या एका हिशेबाची उलटतपासणी

रावेर, यावल, चोपडा या भागांतील शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यातील दावे थोडक्यात असे आहेत. यंदा बिबटे दुपटीने दिसले, म्हणजे ते दुपटीने वाढले. मादी वर्षातून दोनदा चार-चार पिल्ले घालते, म्हणून आजचे दहा बिबटे पाच वर्षांत पाचशे होतील. सरकारी गणना बोगस आहे, कारण ते लोक मोजत नाहीत, नुसता अंदाज सांगतात. पूर्वी खानदेशात हा प्राणी नव्हता, तो गाड्या भरून आणून सोडला. आणि शेवटी उपाय : निम्मे पकडा, सातपुड्यात नेऊन सोडा, काही मेले तरी संख्येला धक्का लागत नाही.

हा संदेश हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणा खोऱ्यात एका बिबट्याने अनेकांचे बळी घेतले आणि त्याला डिसेंबरमध्ये गोळी घालावी लागली, हे इकडे कोणी विसरलेले नाही. ज्याला रात्रीच्या विजेच्या पाळीमुळे केळीच्या बागेत एकट्याने पाणी भरायला जावे लागते, त्याच्या भीतीला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु त्या भीतीच्या पोटातून निघालेला हिशेब चुकला, तर त्यावर बेतलेला उपायही चुकतो, आणि त्याची किंमत पुन्हा त्याच शेतकऱ्याला मोजावी लागते.

पहिला मुद्दा दिसण्याचा. एखादा प्राणी किती वेळा दिसला हे तीन गोष्टींवर ठरते : तो किती आहे, पाहणारे डोळे किती आहेत, आणि असलेला प्राणी नजरेस पडण्याचा संभव किती आहे. यातील पहिली गोष्ट तशीच राहून उरलेल्या दोन वाढल्या, तरी दर्शने दुप्पट होतात. दहा वर्षांपूर्वी शेतात किती जणांकडे कॅमेऱ्याचा मोबाइल होता आणि किती गोठ्यांवर सीसीटीव्ही होता, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. ऊसतोड सुरू झाली की लपण उघडे पडते आणि त्या काही आठवड्यांत पिल्ले सापडल्याच्या बातम्या येतात. ती पिल्ले तोडणीमुळे जन्मलेली नसतात. शिवाय बिबट्या एका रात्रीत कित्येक किलोमीटर चालतो. संध्याकाळी एका गावच्या नाल्यात, मध्यरात्री दुसऱ्याच्या शिवारात आणि पहाटे तिसऱ्याच्या पाझर तलावाशी दिसलेला एकच प्राणी तीन गटांवर तीन बिबटे होऊन जातो. माझ्याच मोबाइलवर एकच चित्रफीत आजवर चार वेगवेगळ्या गावांच्या नावाने आली आहे.

मग मोजायचे कसे? येथेच संदेशातला ‘अंदाज’ या शब्दावरचा राग अस्थानी ठरतो. तुरीच्या वाटीत किती दाणे आहेत हे एकेक न मोजताही काढता येते. पन्नास दाणे काढून त्यांना कुंकू लावा, परत टाकून वाटी नीट हलवा आणि पुन्हा साठ दाणे काढा. त्यांत सहा कुंकवाचे निघाले, तर खुणेचे दाणे एकूण दाण्यांच्या एक दशांश आहेत, म्हणजे वाटीतील तुरीचे दाणे सुमारे पाचशे. या रीतीला पकड-पुनर्पकड म्हणतात. बिबट्याला कुंकू लावावे लागत नाही, कारण त्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची निराळी असते आणि स्वयंचलित कॅमेऱ्याने दोन्ही कुशींची छायाचित्रे घेतली की ओळख पटते. समजा, पहिल्या फेरीत वीस बिबटे टिपले गेले, दुसऱ्या फेरीत चोवीस, आणि त्यांपैकी बारा आधीचेच होते. प्रत्यक्ष छायाचित्रांत बत्तीसच प्राणी आले, पण हिशेब चाळीस दाखवतो. वरचे आठ कॅमेऱ्यासमोर आलेच नाहीत. ‘मोजलेले तेवढेच दाखवा’ असा आग्रह धरला, तर हे आठ कायमचे गहाळ होतील. थोडक्यात, बिबटे जास्त आहेत असे म्हणणाऱ्यांनीच या अंदाजाचा खरे तर आग्रह धरायला हवा.

अविश्वासाला इतिहास आहे, हे मात्र मान्य करायला हवे. आपल्याकडे अनेक दशके वाघ पंजाच्या ठशांवरून मोजले जात, आणि कोणता ठसा कोणाचा हे पाहणाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले असे. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ होते, पण २००५ मध्ये तेथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर पद्धत बदलली आणि २००६ पासून देशपातळीवर कॅमेरे व सांख्यिकी यांचा आधार घेतला जाऊ लागला. या पद्धतीने आलेल्या बिबट्यांच्या २०१८ च्या अंदाजात महाराष्ट्राचा आकडा १,६९० होता आणि २०२२ मध्ये तो १,९८५ झाला. चार वर्षांत सुमारे साडेसतरा टक्के, दुप्पट नव्हे. देशाचा २०२२ चा आकडा १३,८७४ आहे, आणि त्यासोबत १२,६१६ ते १५,१३२ अशी कक्षा छापलेली आहे. ही कक्षा म्हणजे लपवाछपवी नसून आपण किती चुकू शकतो याची उघड कबुली आहे. संदेशातील ‘पाचशे’च्या पुढेमागे अशी कक्षा कोणी लिहिलेली नाही.

संदेशाची एक तक्रार मात्र रास्त आहे. हा अंदाज मुख्यतः वाघांच्या राज्यांतील वनक्षेत्रांपुरता असतो आणि उसातले बिबटे त्यात येत नाहीत. शेतात बिबटे राहतात, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून दाखवून दिले आहे; २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे ४.८ बिबटे अशी घनता निघाली. पण म्हणून तोच आकडा उचलून जळगाव जिल्ह्याच्या क्षेत्रफळाने गुणता येणार नाही. तेथील पीक, पाणी, कुत्रीडुकरे निराळी आहेत, आणि तापीकाठच्या केळीच्या बागा व कोरडवाहू कापसाचे शिवार यांतही फरक आहे.

आता ‘दहाचे पाचशे’. बिबट्याची मादी साधारण तीन वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. एका वेताला बहुधा दोन किंवा तीन पिल्ले होतात, ती दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात आणि पिल्ले जगली तर पुढचे वेत सुमारे दोन वर्षांनी येते. वर्षातून दोन वेते मांजरीची, बिबट्याची नव्हेत. शिवाय जन्मलेले सगळे जगत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील एका दीर्घ अभ्यासात स्वतंत्र होईपर्यंत ३७ टक्केच पिल्ले टिकली.

हिशेब दहा माद्यांचा करून पाहू. दर उदाहरणापुरते धरले आहेत. वर्षाला निम्म्या माद्या व्याल्या तर पाच वेते, अडीचच्या सरासरीने साडेबारा पिल्ले, त्यांत माद्या सव्वासहा. स्वतंत्र होईपर्यंत चाळीस टक्के जगल्या तर अडीच, आणि त्यांतल्या दोन तृतीयांश वयात आल्या तर जेमतेम १.७. दुसरीकडे प्रौढ माद्यांतील शंभरात पंधरा दर वर्षी मरतात असे धरले, तर दहांमागे दीड मादी गेली. वर्षाअखेरीस भर पडली ०.२ मादीची. पाच वर्षांनी दहाच्या अकरा होतील, पाचशे नव्हे.

लोकसंख्याशास्त्राची खरी गंमत यापुढे आहे. याच हिशेबात वेताची सरासरी अडीचवरून तीन केली, तर वर्षाला आणखी ०.३ मादी मिळते. पण प्रौढ माद्यांचे मरण शंभरात पंधरावरून पंचवीस झाले, तर एक पूर्ण मादी जाते आणि समूह वर्षाला आठ टक्क्यांनी आटू लागतो. दहा वर्षांत तो निम्म्याखाली येतो. सावकाश वाढणाऱ्या प्राण्यांत संख्येचा काटा प्रौढ मादी किती वर्षे जगते यावर सर्वांत जास्त हलतो, पिल्ले किती होतात यावर त्या मानाने कमी. ‘काही मेले तरी धक्का लागत नाही’ हे वाक्य येथेच कोसळते. अर्थात, भरती जोरदार असेल तेथे मोठी झीजही खपते. वन्यजीव शास्त्रज्ञ उल्हास कारंत आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील नागरहोळेत १९९१ ते २००० या काळात केलेल्या अभ्यासात वाघ एका वर्षातून दुसऱ्या वर्षात तेथे टिकून राहण्याचे प्रमाण ०.७७ निघाले, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा दर वर्षी मरत होता किंवा निघून जात होता, तरीही समूह तगून होता, कारण तेथे भक्ष्य भरपूर होते. गिधाडांच्या बाबतीत अशी भरती शक्यच नव्हती, कारण त्यांची मादी वर्षाला एकच अंडे घालते. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने विषारी झालेली मृत जनावरे शंभरात एकाहूनही कमी असली, तरी गिधाडांची झालेली पडझड घडवून आणायला तेवढी पुरेशी होती, हे याच प्रकारच्या गणिताने दाखवले, आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली.

पूर्वी हा प्राणी इकडे नव्हता, या दाव्यावर फार शब्द खर्चण्याची गरज नाही. १८२५ नंतरच्या दशकात खानदेशात भिल्ल पलटणीवर असलेल्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने व त्याच्या सोबत्यांनी दीडशेहून अधिक वाघ मारल्याच्या नोंदी आहेत, आणि त्याच्या शिकारीच्या यादीत बिबटेही आहेत.

‘आणून सोडले’ या कुजबुजीत मात्र सत्याचा एक कण आहे, आणि तो संदेशाच्याच उपायावर उलटतो. दोन दशकांपूर्वी जुन्नर भागातून पकडलेले काही बिबटे यावल अभयारण्यात आणून सोडले गेले, आणि त्यानंतर त्या परिसरात माणसांवर हल्ले झाले. खुद्द जुन्नर भागातही पकडून दूर सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर हल्ले वर्षाला सरासरी चारवरून सतरावर गेले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. म्हणजे आज जे रावेरकर ‘सातपुड्यात नेऊन सोडा’ म्हणत आहेत, ते तेव्हा जुन्नरकर म्हणत होते, आणि सातपुडा म्हणजे आपलेच अंगण होते. संख्येच्या भाषेत स्थलांतर हे मरण नसते. एका तालुक्याच्या वजाबाकीत गेलेला बिबट्या दुसऱ्याच्या बेरजेत येतो. मागे रिकामी झालेली हद्द नवा नर घेतो, आणि नवा नर आधीच्या नराची पिल्ले बहुधा मारतो, मग पिल्ले गमावलेली मादी लवकर पुन्हा माजावर येते. सारी घडी विस्कटते, आणि बागेतल्या बिबट्यांची संख्या मात्र काही काळातच पहिल्यासारखी होते.

संख्या खरोखर वाढते आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर केळीच्या पट्ट्यात दर वर्षी त्याच महिन्यांत, तेवढेच कॅमेरे, त्याच जागी लावावे लागतील, आणि ओळखलेल्या प्रत्येक मादीचे काय झाले हे पुढच्या वर्षी पाहावे लागेल. मरणाची नोंद तर त्याहून स्वस्तात होते. कठडा नसलेल्या विहिरीत पडून किंवा महामार्गावर वाहनाखाली येऊन बिबटे मरतात आणि प्रत्येकाचा पंचनामा होतो. त्या पंचनाम्यात नर की मादी, दातांच्या झिजेवरून वय किती, मादी दूध पाजणारी होती का, एवढे तीन रकाने न चुकता भरले गेले आणि तालुकावार पाहायला मिळाले, तर वरच्या हिशेबात मी उदाहरणापुरते धरलेले पंधरा टक्के खोडून तेथे रावेर-यावलचा खरा आकडा लिहिता येईल.