धुरकट काच आणि सनरूफचे कौतुक

गाड्यांच्या शौकिनांची चर्चा ऐकून आता खरोखर संताप येतो. पुढच्या दिव्यांची पट्टी सलग हवी की तुटक, डॅशबोर्डवरचा टचस्क्रीन पडदा दहा इंचांचा की बारा, सनरूफ अर्धे की पूर्ण, यावर रत्नागिरीत तासन्‌तास वाद झडतात. अहो, जिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळतो, तिथे ते छत उघडणार कधी? परशुराम घाटात ऐन पावसात समोरची काच आतून धुरकटते, तेव्हा वारा काचेकडे वळवायला हाताला चाचपता येईल असे बटण हवे, की वळणावरून नजर काढून पडद्यावर मेनू शोधत बसायचे? गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्न यांना स्वतंत्र बटणे वा दांड्या नसतील तर गुण कापायचे ठरवले. आपल्याकडे मात्र बटणे कमी झाली की गाडी आधुनिक ठरते. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून कुजतो, पण गंजरोधक लेपाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गणपतीच्या तोंडावर एक्स्चेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेताना मिळणारी जादा सूट, जाहीर झाला की सगळे आकड्यांवर तुटून पडतात, आणि सुटे भाग इथे मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.