तुमच्या तीन हरकती आणि भांडवली मंजुरीचा कागद

धंद्यात नफा आणि समाज-पर्यावरणाचं भलं ही दोन्ही साधता येतात, या माझ्या म्हणण्यावर दिलेल्या इतक्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमच्या हरकती तीन आहेत. धंद्याचं काम नफा कमावणं, भलं करायचं तर मालकाने स्वतःच्या खिशातून करावं, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्येच सांगितलं, ही पहिली. 'दोन्ही साधतो' म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं ते दानोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीत दिसलं, ही दुसरी. आणि हे सगळे मोठ्या कंपन्यांचे चोचले, लहान उद्योगाला परवडत नाहीत, ही तिसरी.

दुसरीत बरंच तथ्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. जून २०२० मध्ये दानोनच्या भागधारकांनी ९९ टक्क्यांहून अधिक मतांनी सामाजिक आणि पर्यावरणीय उद्दिष्टं कंपनीच्या घटनेत घातली. मार्च २०२१ मध्ये तिथल्या संचालक मंडळाने प्रमुख इमॅन्युएल फेबर यांना हटवलं. मधल्या काळात कंपनीचा शेअर नेस्ले आणि युनिलिव्हरच्या मागे पडला होता आणि काही गुंतवणूकदार फंडांनी बदलाचा आग्रह धरला होता. पण फेबर गेल्यावर घटनेतली ती उद्दिष्टं कुणी काढली नाहीत. यावरून मला एवढंच दिसतं की घसरलेल्या परताव्यापुढे उद्दिष्टांची ढाल टिकत नाही. घटनेत वाक्य घालणं सोपं असतं. रोजचे पैशाचे निर्णय ज्या नियमांनी होतात, ते बदलणं अवघड असतं आणि नेतृत्वाचं खरं काम तेच आहे.

फ्रीडमन यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांनी नफ्याला अट घातली होती: समाजाचे मूलभूत नियम पाळून, म्हणजे कायदा आणि नैतिक रीत दोन्ही सांभाळून. ही अट गाळली की त्यांचं म्हणणं त्यांचं राहत नाही.

आता नियमांकडे. ऊर्जा किंवा पाणी वाचवणारे प्रस्ताव बहुतेक ठिकाणी कशामुळे मरतात? 'दोन वर्षांत पैसे परत आले पाहिजेत' या एका ओळीमुळे. समजा यंत्रावर १०० खर्च आहे, वर्षाला ३० वाचतात आणि यंत्र १० वर्षं चालतं. परतफेडीला सव्वातीन वर्षांहून जास्त लागतात, म्हणून प्रस्ताव नामंजूर. पण भांडवलाची किंमत, म्हणजे गुंतवलेल्या पैशावर वर्षाला अपेक्षित असलेला परतावा, १२ टक्के धरली, तर त्या दहा वर्षांच्या बचतीचं आजचं मूल्य जवळपास १७० भरतं. खर्च वजा जाता ७० शिल्लक. वार्षिक परतावा २७ टक्क्यांच्या आसपास. इथे पर्यावरण आणि नफा यांचं भांडणच नव्हतं, चाळणी चुकीची होती. मंजुरीच्या अर्जात परतफेडीच्या काळाशेजारी 'आयुष्यभराचं निव्वळ मूल्य' हा रकाना घाला आणि निर्णय त्यावर घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र खरेदी विभागात होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. शिलाईच्या कामाचं उदाहरण घ्या. एका नगाला प्रमाणित २० मिनिटं, ऑर्डर १०,००० नगांची. कागदावर ३,३३३ तास. पण पुरवठादाराच्या लाइनची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर प्रत्यक्षात ५,५५६ तास लागतात. खरेदीदार भाव ठरवतो २० मिनिटांवर, कारण त्याचा बोनस 'भाव किती पाडला' यावर मोजला जातो. वर, रंग आणि मापं शेवटच्या आठवड्यात बदलतो, माल पोचवायची तारीख मात्र तीच ठेवतो. पन्नास कारागीर आणि हातात दहा दिवस असतील, तर प्रत्येकाला रोज अकरा तासांहून जास्त बसावं लागतं. मग त्याच कंपनीचा ऑडिटर येतो आणि 'ओव्हरटाइम जास्त' असा शेरा मारून जातो. पुढच्या वेळी पुरवठादार हजेरीच्या दोन वह्या ठेवतो. त्या माणसाला खोटं बोलायला आपणच शिकवलं, हे मनाला लावून घेण्यासारखं आहे.

यावर उपाय आहेत आणि ते ठोस आहेत. भावाच्या वाटाघाटीत मजुरीची रक्कम वेगळी काढा, प्रत्यक्ष मिनिटांवर मोजा आणि तिला हात लावू नका. घासाघीस उरलेल्या खर्चावर करा. तपशील गोठवण्याची तारीख ठरवा. त्यानंतर बदल केला, तर माल पोचवायची तारीख आपोआप तितकीच पुढे जाईल, हे करारातच लिहा. खरेदीदाराच्या बोनसमध्ये उशिरा केलेले बदल आणि थकलेली बिलं मोजा. यात खर्च वाढतो का? काही ठिकाणी वाढतो. पण नाकारलेला माल, घाईची विमानवाहतूक आणि सोडून जाणारे कारागीर यांचा खर्च शेजारी ठेवल्याशिवाय तो किती वाढला हे कळत नाही.

काही वेळा मात्र खरोखरच एक सोडून दुसरं घ्यावं लागतं. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही म्हटलं, तर शेवटी पाणी आटवावं लागतं. एका टप्प्यात एक घनमीटर आटवायला ६०० युनिटांहून जास्त उष्णता लागते, म्हणजे पाणी वाचतं आणि धूर वाढतो. आधी आरओने पाणी घट्ट करून, मग बहुटप्प्यांत आटवलं तर हा आकडा बराच उतरतो, शून्य होत नाही. अशा ठिकाणी 'सगळ्यांचाच फायदा' म्हणणं ही फसवणूक आहे. काय गमावलं ते अहवालात लिहावं. तसंच 'प्रति टन उत्सर्जन २० टक्के कमी' या आकड्याचं. उत्पादन ५० टक्के वाढलं असेल, तर एकूण उत्सर्जन २० टक्के वाढलेलं असतं. दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापावेत.

राहिला लहान उद्योग. दाबाची हवा वापरत असाल, तर सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. तो किती वेळ लोडवर (हवा भरत) असतो आणि किती वेळ अनलोडवर (हवा न भरता नुसता फिरत), हे घड्याळ लावून आठ-दहा फेऱ्या मोजा. लोड ३ मिनिटं आणि अनलोड ७ मिनिटं आली, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ३० टक्के हवा गळतीत जाते आहे. नीट राखलेल्या यंत्रणेत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत असतं. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरचं एक भोक सुमारे साडेतीन किलोवॅट खातं, म्हणजे अखंड चालल्यास वर्षाला ३०,००० युनिटं. साबणाचं पाणी लावून गळकी जागा शोधा, तिथे चिठ्ठी बांधा, दुरुस्त करा. मग कॉम्प्रेसरचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवून पाहा, कारण एक बार कमी केला तरी सुमारे ७ टक्के वीज वाचते. दाब तसाच ठेवलात, तर उरलेल्या गळत्या पूर्वीइतकंच खात राहतात. आणि बिलात वाचलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाका, पुढच्या दुरुस्तीला मंजुरी मागायची वेळच येणार नाही.