नाव क्ष-अक्षाचं, उलटतो य

इंजिनिअर असल्याचा तोटा असा, की नात्यात कुणाचंही पोर दहावीत गेलं की तुमच्या रविवारावर त्याचा हक्क लागतो. सध्या माझा रविवार भाचीकडे गहाण आहे. तिच्या आयसीएसईत दहावीला ‘रिफ्लेक्शन’ नावाचं आख्खं प्रकरण आहे. एक बिंदू, एक रेषा, आणि त्या रेषेच्या आरशात बिंदू कुठे दिसेल ते सांगायचं. ऐकायला सोपं. आरसा आपण रोजच बघतो, हल्ली नाइलाजाने.

क्ष-अक्षात प्रतिबिंब घेतलं की क्ष बदलणार, असं कुठल्याही सरळमार्गी माणसाला वाटेल. पण क्ष-अक्षात (३, ५) चं प्रतिबिंब (३, −५). नाव क्ष-अक्षाचं, उलटला बिचारा य. य-अक्षात घेतलं तर य जागच्या जागी आणि उण्याचं लोढणं क्षच्या गळ्यात : (−३, ५). कारण साधं आहे. आरसा जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा, डोकं खाली आणि पाय वर दिसतील; डावी-उजवीकडे काही तुम्ही सरकणार नाही. पण दहावीच्या मुलांना कारण नको असतं, ‘ट्रिक’ हवी असते.

त्यावर कडी म्हणजे क्ष = ० ही रेषा.

“हा कुठला अक्ष?” मी.

“एक्स.”

“य.”

“मामा, तू झोपेत आहेस का? समोर एक्स लिहिलंय!”

त्या रेषेवर कुठेही उभं राहिलं तरी क्ष शून्यच, म्हणून ती उभी रेषा, म्हणून तो य-अक्ष, हे गळी उतरवेपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला. क्ष = ५ मग त्या मानाने गुणी निघाली. (३, १) पासून ती दोन घरं लांब, तर पलीकडे आणखी दोन घरं; उत्तर (७, १).

या सगळ्याचं खापर देकार्त या फ्रेंच गणितज्ञावर फोडायची सोय आहे, पण तीही अर्धीच. १६३७ साली त्याने बीजगणिताची आणि भूमितीची सोयरीक जुळवली खरी, पण आपल्या आलेख कागदावर दोन अक्षांनी पडणारे चार भाग, म्हणजे चरण, त्याच्या पुस्तकात तसे नव्हते. आणि समीकरणाच्या ऋण उत्तरांना तर तो चक्क ‘खोटी’ म्हणायचा. भाचीला हा माणूस एकदम आवडला. पुढचा अर्धा तास तिचं प्रत्येक चुकलेलं उणे ‘तसंही खोटंच’ होतं.

आरशाच्या रेषेवरच बसलेला बिंदू मात्र हलत नाही, तो स्वतःच स्वतःचं प्रतिबिंब. त्याला अचल बिंदू म्हणतात. उदाहरणासाठी लांब जावं लागलं नाही, भावोजी सोफ्यावर होते.

तेवढ्यात जेईईवाला भाचा आला. “हे काय बालवाडीतलं! तिरकी रेषा घ्या ना.” घेतली : क्ष − य + १ = ०, बिंदू (४, १). त्याने धाडधाड सूत्र लिहिलं. त्यात एक ‘उणे दोन’ ठाण मांडून बसलेलं. ते कुठून आलं, हे मात्र त्याला ठाऊक नाही. क्लासमध्ये पाठ करून घेतलंय. अरे बाबा, बिंदूपासून रेषेपर्यंत लंब चालायचं आणि तेवढंच पलीकडे, म्हणून दोन. आणि रेषेच्या दिशेने उलटं फिरायचं, म्हणून उणे. उत्तर आलं (०, ५). भाचीचा सूत्रावर विश्वास नाही, भावावर तर त्याहून नाही.

मग मी आलेख कागद त्या तिरक्या रेषेवर घडी घातला, नखाने घडी दाबली आणि (४, १) वर कर्कटकाचं टोक आरपार खुपसलं. कागद उलगडला. दुसरं भोक बरोब्बर (०, ५) वर. भाचीने कर्कटक माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दिसेल तो बिंदू टोचत सुटली.

टेबलावरचं प्लॅस्टिक ताईने दिवाळीलाच आणलेलं. कागदावर दोन भोकं पडतात तेव्हा प्लॅस्टिकला एकच पडतं, म्हणजे नुकसान खरं तर निम्मंच, हा मुद्दा मी तिच्यापुढे सविस्तर मांडला. तिला तो पटला नाही.